अण्णा कर्वे डेन्मार्कला गेले तेव्हा



आमच्या फोंडाघाटला समुद्र नाही. घाटाच्या पायथ्याचं हे बाजाराचं गाव. वर चढलात की दाजीपूर, राधानगरी. खाली गेलात की कणकवली. आणि पश्चिमेला देवगडचा रस्ता. पण समुद्र आमच्याकडे येतो, पाटीत बसून येतो. बंदरावरची मासळी घाट चढून कोल्हापूरकडे जाते ती आमच्या दारावरून. बांगडा ताजा की बर्फातला, हे आमच्या बायका दुरून सांगतात. तेव्हा बंदराची गोष्ट सांगायला आम्ही अगदीच परक्या नाही असं धरून आज एका लांबच्या बंदराची गोष्ट सांगतो. कोपनहेगन, डेन्मार्कची राजधानी.

हल्ली हे नाव आपल्याकडेही कानावर पडतं. मुंबई-पुण्याच्या प्रवासी कंपन्या डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे अशी तीन देशांची सहल काढतात. कुणाची लेक जाऊन येते, कुणाचा जावई कामासाठी तिथे असतो म्हणून आईवडील जाऊन येतात. फोटो ठरलेले. कालव्याकाठची लाल, पिवळी, निळी घरं, समोर शिडाच्या होड्या, आणि पाण्यालगत दगडावर बसलेली जलपरी. फोटो बघून होतात, चहा येतो, विषय संपतो. आम्हाला मात्र एक प्रश्न चिकटून राहिला. आपल्या कोकणातलं माणूस त्या मुलखात पूर्वी कधी गेलं होतं का, आणि गेलं तर कशाला? शोधत शोधत पोचलो ते थेट महर्षी कर्व्यांपाशी, १९२९ सालात.

धोंडो केशव कर्वे, सगळ्यांचे अण्णा. जन्म १८५८ चा, शेरवलीचा. घर दापोलीकडच्या मुरूडचं. त्यांच्या लहानपणाची एक गोष्ट आपल्याला शाळेत सांगितलेली असते. सतरा वर्षांचा हा मुलगा परीक्षेला बसायला मुरूडहून सह्याद्री ओलांडून चालत साताऱ्याला गेला. चार दिवसांची पायपीट. तिथल्या साहेबांना मुलगा लहान दिसला, त्यांनी परीक्षेला बसू दिलं नाही. आला तसा परत. घाट चढून गेल्यावर वर काय वाढून ठेवलंय याचा भरवसा नसतो, हे आम्हा घाटाखालच्या माणसांना वेगळं सांगायला नको.

पुढे पहिली बायको वारल्यावर, १८९३ मध्ये अण्णांनी गोदूबाईंशी लग्न केलं. या देवरुखच्या जोशांच्या बालविधवा मुलगी, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. त्याच आपल्या बाया कर्वे. विधवेशी लग्न केलं म्हणून मुरूडनं अण्णांवर बहिष्कार घातला. ज्या गावच्या वाळूत खेळले तिथे पाय ठेवायची पंचाईत. मग १८९६ ला पुण्यात विधवांसाठी आश्रम, पुढे हिंगण्याला झोपडी, आणि १९१६ ला बायकांचं विद्यापीठ. विद्यापीठाची कल्पना कुठून आली? जपानमधल्या महिला विद्यापीठाची एक पुस्तिका त्यांच्या हाती आली होती. म्हणजे दुसऱ्या देशात बायकांसाठी काय चाललंय यावर या माणसाचा डोळा पहिल्यापासून होता.

मार्च १९२९ मध्ये अण्णा परदेशी निघाले. वय वर्षं ७०. आपल्याकडे या वयात माणूस फार तर पंढरपूरला जातो. अण्णा इंग्लंडला गेले, जिनिव्हाला गेले, आणि ८ ते २१ ऑगस्ट डेन्मार्कमध्ये होते. पुढे अमेरिका, मग टोकियोचं महिला विद्यापीठ, आणि एप्रिल १९३० मध्ये घरी. जातील तिथे एकच विषय, हिंदुस्थानातल्या बायकांचं शिक्षण. नुसतं बघायला गेलेला हा प्रवासी नव्हता. तो सांगायला आणि आपल्या विद्यापीठासाठी मदत गोळा करायलाही गेला होता.

आणि अण्णांच्याही आधी त्यांच्या मेहुणीनं समुद्र ओलांडला होता, हे विसरून चालणार नाही. पार्वतीबाई आठवले, बायांच्या धाकट्या बहीण, त्याही देवरुखच्या. विशीत विधवा झाल्या, हिंगण्याच्या संस्थेत शिकल्या, तिच्यासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरल्या. १९१८ मध्ये इंग्रजी शिकायला आणि निधी जमवायला त्या अमेरिकेला गेल्या आणि पोटासाठी तिथल्या घरांत घरकामाला राहिल्या. परका देश पाहुणीला दिवाणखान्यातून दिसतो, मोलकरणीला मोरीतून दिसतो. पार्वतीबाईंनी तो मोरीतून पाहिला आणि ‘माझी कहाणी’त लिहूनही ठेवला. मराठीतल्या प्रवासवर्णनांची यादी करताना हे पुस्तक कुणी धरत नाही. आम्ही धरतो.

आता अण्णांचं डेन्मार्क. परिषद भरली होती हेलसिंगोर गावी. इंग्रजीत त्याला एल्सिनोर म्हणतात, शेक्सपिअरच्या हॅम्लेटचं गाव. कोपनहेगनपासून उत्तरेला पंचेचाळीस किलोमीटर. तिथे समुद्र इतका अरुंद होतो की चार किलोमीटरवर पलीकडे स्वीडनचा किनारा दिसतो. या चिंचोळ्या जागी डेन्मार्कच्या राजानं किल्ला बांधून चारशे वर्षांवर जकात घेतली. आल्यागेल्या प्रत्येक गलबतानं थांबायचं, पैसे मोजायचे, मग पुढे जायचं. ती जकात १८५७ मध्ये बंद झाली, म्हणजे अण्णा जन्मले त्याच्या आदल्या वर्षी.

परिषद होती शिक्षणाच्या नव्या वाटा शोधणाऱ्यांची. देशोदेशींचे शिक्षक जमले होते. मारिया मॉन्टेसरी बाईंची पहिली आंतरराष्ट्रीय परिषदही त्याच वेळी, त्याच गावात भरली. आपल्या बालवाडीत आज लाकडी ठोकळे आणि मणी दिसतात ना, त्यांचा उगम या बाईंच्या पद्धतीत आहे. आणि गाव तरी कुठलं निवडलं होतं! डेन्मार्क हा लोकशाळांचा देश. पहिली लोकशाळा १८४४ ची. परीक्षा नाही, पदवी नाही. शेतकऱ्यांच्या तरुण मुलांनी हिवाळ्यात काम थंडावलं की येऊन राहायचं आणि शिकायचं. मुलींचे वर्ग उन्हाळ्यात, तीन महिन्यांचे. हेलसिंगोरला तर १९२१ पासून सगळ्या देशांच्या विद्यार्थ्यांसाठी अशी एक शाळा चालू होती. पेरणी-लावणीच्या हिशोबानं शाळेचं वर्ष लावायचं, हा विचार आम्हाला आजही नवा वाटतो.

त्या वेळी तिथल्या बायकांची स्थिती कशी होती? विद्यापीठाचं दार त्यांना १८७५ मध्ये उघडलं. त्यातून शिकलेली पहिली डॉक्टरीण निल्सीने निल्सन १८८५ मध्ये पदवीधर झाली. आणि आपल्या आनंदीबाई जोशी? १८८६, फिलाडेल्फियाला. अवघ्या वर्षाचा फरक! फरक पुढे पडला. आनंदीबाई वर्षभरात गेल्या, आणि त्यांच्यामागे आपल्याकडे जी रांग लागायला हवी होती ती लागायला फार वर्षं गेली. डॅनिश बायकांना १९१५ मध्ये संसदेच्या मताचा हक्क मिळाला. १९२४ मध्ये नीना बँग नावाच्या बाई तिथे शिक्षणमंत्री झाल्या. अण्णा पोचले तेव्हा त्या देशानं बाईच्या हाती शिक्षणखातं देऊन पाहिलेलं होतं.

मग कोपनहेगनचा धक्का १९२९ मध्ये कसा होता, हे आम्ही बघायला लागलो. शहराच्या नावाचा अर्थच व्यापाऱ्यांचं बंदर. बाराव्या शतकात बिशप अ‍ॅब्सालोननं तिथे किल्ला बांधला आणि कोळ्यांच्या वस्तीचं शहर होत गेलं. आज फोटोत दिसणारा रंगीत घरांचा कालवा म्हणजे न्यूहाव्न, नवं बंदर. तो सतराव्या शतकात खणला, आणि खणायला लावले युद्धात पकडलेले स्वीडिश सैनिक. जलपरीची गोष्ट लिहिणारे हान्स अँडरसन याच कालव्याकाठी वेगवेगळ्या घरांत राहिले. चांभाराचा आणि धोबिणीचा मुलगा. तेव्हा हा भाग खलाशांचा आणि दारूच्या गुत्त्यांचा होता. आता तिथे बसून कॉफी प्यायची तर खिसा चाचपून बसावं लागतं.

याच बंदरातून डॅनिश गलबतं आपल्या देशातही आली. १६२० मध्ये त्यांनी तमिळ किनाऱ्यावर तरंगंबाडीला ठाणं घातलं आणि १८४५ मध्ये ते इंग्रजांना विकून टाकलं. मधल्या काळात तंजावरला भोसल्यांचं मराठी राज्य आलं, त्यामुळे हे डॅनिश व्यापारी आपल्या मराठी राजांचे शेजारी झाले. सरफोजीराजांवर लहानपणी ज्यांचा हात होता ते श्वार्ट्झ पाद्री मुळात डॅनिश ठाण्यातच उतरले होते. हा धागा मोठा आहे, त्यावर वेगळं बोलू.

आज बोलायचं आहे ते धक्क्यावरच्या तीन बायकांबद्दल. जुन्या मासळीबाजारापासून जलपरीपर्यंत पाण्याच्या कडेनं चालत गेलं तर रमतगमत तासाभराची वाट. या वाटेवर तिघींची आठवण आहे. १९२९ मध्ये मात्र पुतळा होता तो एकीचाच.

पहिली कोळीण. शहराच्या मध्यावर गामेल स्ट्रँड, म्हणजे जुना किनारा, नावाची जागा आहे. तिथे शेकडो वर्षं मासळीबाजार भरायचा. विकणाऱ्या बायका बऱ्याचशा स्कोव्हसहोव्हेड नावाच्या कोळ्यांच्या गावातून येत. गाव शहरापासून दहा किलोमीटरवर. नवरे रात्री समुद्रात, आणि बायका पहाटे पाठीवर मासळीची टोपली घेऊन चालत शहरात. थंडी कसली, तर आपल्याला कल्पना करता येणार नाही अशी. दिवसभर उघड्यावर बसायचं, मासा साफ करून द्यायचा, गिऱ्हाइकाशी घासाघीस करायची. या बायकांच्या जिभेला धार होती अशी त्यांची ख्याती. ते ऐकून आम्हाला हसू आलं. मालवणच्या किंवा देवगडच्या लिलावात एकदा उभं राहून बघा. गाबतीण बोलायला लागली की मोठा व्यापारीसुद्धा आवाज खाली घेतो. जीभ तिखट नसेल तर वाटा अर्ध्या किमतीत जातो, हे डेन्मार्कमध्ये तसंच असणार.

१९२९ मध्ये या बायका तिथे प्रत्यक्ष बसत होत्या. त्यांच्यातल्या एकीचा दगडी पुतळा तिथे बसला तो १९४० मध्ये. डोक्याला रुमाल, अंगावर जाड कपडे, नजर गिऱ्हाइकाकडे. आणि १९५८ मध्ये बाजार तिथून हलला, शहराच्या दक्षिणेला गेला. पुढे त्या नव्या जागीही मासळीबाजार राहिला नाही. २००० साली तिथे मॉल उघडला, आणि त्याचं नाव काय ठेवलं? फिस्केटोर्व्ह, म्हणजे मासळीबाजार. माणसं गेली की नावं टिकतात, आणि तीही दुकानाच्या पाटीवर.

दुसरी मेरी थॉमस. ती कोपनहेगनची नव्हे. डेन्मार्कची कॅरिबियन समुद्रात तीन बेटं होती. आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांकडून तिथे ऊस पिकवायचा आणि साखर कोपनहेगनला आणायची. धक्क्यावरची मोठमोठी कोठारं त्या साखरेची. गुलामी कायद्यानं १८४८ मध्ये संपली, पण मजुरांना वर्षाच्या कराराने असं बांधून टाकलं की नाव बदललं, जू तेच राहिलं. ऑक्टोबर १८७८ मध्ये सेंट क्रॉइ बेटावर मजूर उठले. मळे पेटले, अर्धं गाव जळलं. पुढारीपण करणाऱ्यांत बायका होत्या. लोक त्यांना राणी म्हणत. त्यांतली मेरी. उठाव चिरडला गेला, शंभराच्या आसपास मजूर मारले गेले. मेरीला आणि तिच्या सोबतिणींना शिक्षा भोगायला कोपनहेगनला, त्याच बंदरातून, बायकांच्या तुरुंगात आणलं. साखर ज्या धक्क्यावर उतरली त्याच धक्क्यावर साखर पिकवणारी उतरली, बेडीत.

आपल्या बायकांना हा इतिहास अगदी परका नाही. मॉरिशसला करारावर ऊस तोडायला रत्नागिरी-सिंधुदुर्गकडची माणसंही गेली. त्यांची पोरंबाळं तिथे आजही मराठी म्हणवतात, गणपती बसवतात. तिथल्या बायकांनी काय सोसलं ते आपल्या घाटावरच्या ऊसतोडणीच्या बायकांना विचारावं.

मेरीला धक्क्यावर जागा मिळाली २०१८ मध्ये. ला वॉन बेल ही सेंट क्रॉइची चित्रकार आणि जेनेट एलर्स ही डेन्मार्कची. दोघींनी मिळून साखरेच्या जुन्या कोठारासमोर सात मीटर उंचीचा पुतळा उभारला. वेताच्या मोठ्या खुर्चीत ताठ बसलेली काळी बाई, एका हातात मशाल, दुसऱ्या हातात उसाचा कोयता. चौथऱ्यात बसवले होते सेंट क्रॉइहून आणलेले प्रवाळाचे दगड, गुलामांनी कापलेले. काळ्या बाईचा सार्वजनिक पुतळा त्या देशात त्याआधी नव्हता. पण तो हलक्या वस्तूचा होता, डिसेंबर २०२० च्या वादळात मोडला. त्याच कोठारासमोर मायकेलएंजेलोच्या डेव्हिडची नक्कलही आहे. ती ब्राँझची, तिला वाऱ्यानं काही झालं नाही.

तिसरी जलपरी, जिच्यासाठी सगळे जातात. ही १९१३ ची, म्हणजे अण्णांच्या वेळी सोळा वर्षांची. कार्ल याकोब्सेन नावाच्या बिअरच्या कारखानदारानं रंगमंचावर जलपरीचं नृत्य पाहिलं आणि पुतळा करवून घेतला. नृत्य करणाऱ्या बाईंनी विवस्त्र बसायला नकार दिला, म्हणून अंग मूर्तिकाराच्या बायकोचं, एलीने एरिक्सनचं. उंची सव्वा मीटर. लांबून आलेली माणसं बघून म्हणतात, एवढीच? आमचं म्हणणं उंचीबद्दल नाही. गोष्टीतल्या जलपरीनं जमिनीवर चालता यावं म्हणून आपला आवाज देऊन टाकला. मासे विकणारीची ओळख आवाज, मेरीची ओळख आवाज, आणि त्या शहराची जगभर ओळख झाली ती बिनआवाजाची बाई. हे कुणी ठरवून केलं असं आम्ही म्हणत नाही. पण असंच घडतं. १९६४ मध्ये या मुकीचं डोकं कुणीतरी कापून नेलं, १९८४ मध्ये हात तोडला, १९९८ मध्ये पुन्हा डोकं. दरवेळी दुरुस्त केलं.

एक गोष्ट मात्र त्या शहराकडून घेण्यासारखी. बंदराचं पाणी सांडपाण्यानं घाण झालं होतं. त्यांनी जमिनीखाली मोठ्या टाक्या आणि नळ घालून ते सांडपाणी अडवलं, आणि २००२ मध्ये भर शहरात, बंदराच्या पाण्यातच पोहायची जागा उघडली. फुकट, सगळ्यांना. पोरं शाळा सुटली की उड्या मारतात. सुंदर किनारा हॉटेलवाल्याचाच असला पाहिजे असं नाही, हे त्यांनी करून दाखवलं.

आपल्या सिंधुदुर्गाला पर्यटन जिल्हा जाहीर करून १९९७ पासून आता पंचवीसावर वर्षं झाली. मालवण, तारकर्ली, देवबाग, कुणकेश्वर. सुट्टीत गाड्या लावायला जागा नसते. न्याहारी-निवासाच्या खोल्या चालवून कितीतरी घरांत बाईच्या हाती पहिल्यांदा स्वतःचा पैसा आला, तो आम्ही वाईट म्हणणार नाही. पण धक्क्यांचं सुशोभीकरण म्हटलं की नकाशावर बसायची बाकं असतात, दिवे असतात, फोटो काढायची जागा असते. त्या नकाशात मासळी विकणारीचा ओटा कुठे? सावली, पाण्याचा नळ, संडास? लिलाव उरकल्यावर पाटी ठेवायची कुठे, आणि आमच्या बाजारापर्यंत यायला तिला गाडी कुठून मिळणार? ग्रामसभेत, नगरपरिषदेत असा नकाशा आला की हे तिथेच विचारायचं आहे. बाजार एकदा हलला की पुतळा बसवता येतो, बाजार परत आणता येत नाही.

आणि तुमच्यापैकी कुणाची लेक किंवा सून कोपनहेगनला जाणार असेल, तर तिला सांगून ठेवा. गामेल स्ट्रँडला २०१९ पासून मेट्रोचं स्टेशन आहे. वर आलं की दोन पावलांवर पाणी, आणि पाण्याच्या कठड्यापाशी ती रुमालवाली उभी आहे. आधी तिच्याकडे जा म्हणावं, जलपरीकडे मग. वेळ उरला तर आगगाडीनं हेलसिंगोरला जाऊन ये, तिथे आपले अण्णा गेले होते.